पिळाचा दोरा

इवाय,

पाडवा होऊन गेला तरी मी कोयत्याला धार लावलेली नाही. तुम्ही असता तर खुर्चीतून उठून मागच्या कुंपणापर्यंत गेला असता, चष्मा कपाळावर चढवून ती वेल खालून वर बघितली असती, आणि एक शब्द न बोलता परत येऊन बसला असता. तुमचं ते गप्प बसणं मला फार टोचायचं. आता टोचणारं कोणी राहिलं नाही, तर कोयत्याकडं हात जात नाही.

वैशाली म्हणाली, "बाबा, सोसायटीच्या अंकात पप्पांवर सगळे लिहिणार आहेत. तुम्ही पण लिहा." मी म्हटलं, मी चौथीत शाळा सोडली, मी काय लिहू? तर म्हणते, "त्यांच्याशी भांडायचात तसंच लिहा." तेवढं मला येतं. तुम्ही कुठं नोकरी केली, सोसायटीसाठी काय काय केलं, ते तुमचे वर्तकनगरवाले लिहितील. मी आपल्या वाडीतलं लिहितो. तुमच्या लोकांना कळावं म्हणून एवढंच सांगतो की आमच्या आगरी लोकांत व्याह्याला इवाय म्हणतात. वैशाली माझी लेक, तुमची सून. लग्न तिनं आणि तुमच्या मुलानंच ठरवलेलं. तुम्ही लगेच हो म्हणालात, मी जरा वेळ घेतला.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस मला चांगला आठवतो. डोंबिवलीच्या पुढं आमचं गाव, आता नावापुरतं. चारी बाजूंनी टॉवर, मधे आमचं घर, विहीर आणि ही वाडी. तुम्ही चहा घेतला आणि बसायचं सोडून वाडीत शिरलात. कारखान्यातून रिटायर झालेला, फ्लॅटमधे राहिलेला माणूस, पायातले बूट चिखलात घालून फिरत होता. "हे काय? आणि हे?" मी नाव सांगत होतो. शेवगा, बिट्टी, रुई, एरंड. मला कौतुक वाटत होतं, खोटं कशाला सांगू. मग मागच्या कुंपणापाशी आलात. बदामासारख्या पानांची ती वेल, काटेरी तारेवर चढलेली.

"आणि ही?"

"गुळवेल."

"नक्की?"

इवाय, माझ्या वाडीत मला 'नक्की का' असं विचारणारा माणूस तोवर जन्माला आला नव्हता. माझ्या बापाच्या वेळेपासूनची वेल. मी सांगितलं, नक्की. तुम्ही मान हलवलीत, पण ती मान पटल्याची नव्हती. लग्नाची बोलणी त्या दिवशी नीट झाली. आपलं भांडण मात्र त्याच दिवशी सुरू झालं आणि ते अजून संपलेलं नाही.

मग इरा आली. आपल्या दोघांना मिळून एक नात. तिला पाय फुटले तशी ती रविवारी वाडीभर फिरायला लागली, आणि हाताला येईल ते तोंडात. थंडीचे दिवस होते. गुंजेच्या शेंगा तडकून लाल-काळे मणी खाली सांडलेले. मी ओट्यावर बसून विडी ओढत होतो. तुम्ही एकदम खुर्चीतून उठलात, इराला काखेत उचललंत, तिच्या गालात बोट घातलंत आणि गुंज बाहेर काढलीत. अख्खी होती. दातच नव्हते पुरते, चावणार कशी. तरी वैशालीनं तिला तुमच्याकडून ओढून घेतलं.

मी बोललो, "काय नाय होत. आम्ही गुंजांनी खेळून मोठे झालो. सोनार सोनं तोलायचे गुंजेनं."

वैशाली म्हणाली, "बाबा, तोलायचे. चघळत नव्हते."

मग ती मला म्हणाली की वाडीत विषारी काय आहे ते आधी ठरवा, मग इरा इथं येईल. मी म्हटलं, माझ्या वाडीत विषारी काही नाही. ती इराला घेऊन गेली, आणि पुढचा रविवार आला तो रिकामाच. त्याच्या पुढचाही. आमची ही दर रविवारी सकाळी घावन घालायची, फाटकाकडं बघायची आणि झाकून ठेवायची. मी फोन करणार नव्हतो. वाडी माझी, गुंज माझी, आणि मी लेकीपुढं मान खाली घालू? ही एकदा बोलली, "नात मोठी होईल तोवर ऐटीतच बसा." मी ऐटीतच बसलो.

आणि मग तुम्ही एकटे आलात. हातात पिशवी, पिशवीत शिंप्याकडची दोन रिळं. एक लाल, एक पांढरं.

"इवाय," तुम्ही म्हणालात, "मला झाडांतलं काही कळत नाही."

हे वाक्य तुम्ही किती सहज बोललात. मला कळत नाही, मला माहीत नाही, चुकलं माझं. ही वाक्यं तुम्ही पान खाल्ल्यासारखी बोलायचात. मला वाटायचं, एवढा शिकलेला माणूस, ह्याला लाज कशी वाटत नाही.

"तुम्ही नावं सांगा," तुम्ही म्हणालात, "मी चार ठिकाणी विचारून खात्री करतो. विषारी असेल त्याला लाल दोरा. निर्धास्त असेल त्याला पांढरा."

"खात्री कशाला? मी सांगतो ना."

"तुम्ही मला सांगाल. वैशालीला कोण सांगणार?"

मी विडी विझवली आणि उठलो.

त्या थंडीतले रविवार मला सगळ्यात जास्त आठवतात. तुम्ही फोन झाडासमोर धरायचात, फोन नाव सांगायचा. मग तुमच्या ओळखीच्या त्या कॉलेजात झाडांचं शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांना फोटो पाठवायचात. फोन आणि बाई आणि मी, तिघांचं जुळलं की दोरा. फोनवर माझा विश्वास नव्हता. एकाच वेलीला त्यानं तीन रविवारी तीन नावं दिली. मी विचारलं, "तुमचा फोन पितो काय?" तुम्ही इतके हसलात की विहिरीच्या कठड्याला धरून उभं राहावं लागलं.

कण्हेर लाल. धोतरा लाल. रुई लाल. बिट्टी तर लालच लाल, आम्ही पोरं जिच्या बिया गोट्यांसारख्या खेळायचो. मला राग यायला लागला. मी म्हटलं, "अहो, तुमच्या लाल दोऱ्यात सगळी देवाचीच झाडं सापडली. धोतरा महादेवाला, रुई मारुतीला, कण्हेर गणपतीला. देवाला चालतं ते माणसाला चालत नाय?"

तुम्ही गाठ मारता मारता म्हणालात, "देव चावत नाही ना, इवाय."

ही आत घरात हसली ते मला बाहेर ऐकू आलं.

तुमचंही एकदा चुकलं. विहिरीच्या पाटाजवळच्या अळूला तुम्ही लाल दोरा बांधलात. कुठंतरी वाचलं होतं म्हणे की घसा धरतो. हिनं दुपारी चिंच घालून, मुळा आणि शेंगदाणे टाकून फतफतं केलं आणि तुमच्या ताटात वाढलं. तुम्ही दोनदा मागून घेतलंत. मग ही म्हणाली, "इवाय, घसा कसाय?" तुम्ही हात धुतलेत, वाडीत गेलात, अळूचा दोरा सोडलात आणि पांढरा बांधलात. "चिंच घातली तर पांढरा," असं परत येऊन सांगितलंत. चुकलात तरी माणूस तसाच ताठ चालत होता. हे मी मनात नोंदवून ठेवलेलं. बोललो नाही कधी.

सगळ्या झाडांना दोरे झाले तेव्हा वाडी वटपौर्णिमेच्या वडासारखी दिसायला लागली. शेजारच्या टॉवरमधले लोक गॅलरीतून विचारायचे, कसला उत्सव आहे. तुम्ही वैशालीला बोलावलंत. ती इराला कडेवर घेऊन एकेक झाड बघत गेली. गुंजेची वेल मी तोवर स्वतःच उपटून टाकली होती, कोणी सांगितलं म्हणून नाही, मला वाटलं म्हणून. लाल दोऱ्याच्या झाडांभोवती तुम्ही बांबूच्या काठ्या रोवलेल्या. वैशालीनं सगळं बघितलं, मग इराला खाली सोडलं. ती सरळ माझ्याकडं आली आणि माझी लुंगी धरून उभी राहिली.

तुम्ही तेव्हा दुसरीकडं बघत होता. मुद्दाम बघत होता, हे मला माहीत आहे. इवाय, तुम्ही मला नात परत आणून दिलीत आणि आभार मानायची वेळच येऊ दिली नाहीत. मी मानलेही नसते. आता मानतो, तर ऐकायला तुम्ही नाही.

राहिली फक्त मागची वेल.

मी म्हणत होतो गुळवेल. फोन रोज नवीन काही म्हणत होता. बाई म्हणाल्या, गुळवेल असू शकते, पण तशाच पानांच्या दुसऱ्याही वेली आहेत, त्यातली एक मासे मारायला नदीत टाकतात इतकी विषारी. फूल दाखवा, मग सांगते. मी साल खरवडून आतलं हिरवं दाखवलं. लोंबणारी मुळं दाखवली. पान चावून दाखवलं, कडू होतं.

"कडू आहे म्हणून औषध असेल असं नाही," तुम्ही म्हणालात.

"बापाच्या वेळेपासूनची वेल आहे."

"वडील काढा करून प्यायले होते?"

"नाय."

"मग?"

मग काय. लाल बांधायला मी दिला नाही, पांढरा बांधायला तुम्ही तयार नव्हता. शेवटी तुम्ही लाल आणि पांढरा एकत्र धरलात, एक टोक माझ्या हातात दिलंत आणि पीळ घातलात. पिळाचा दोरा. माहीत नाही, असा त्याचा अर्थ. वाडीभरात तो एकाच वेलीला होता. इरा पुढं बोलायला लागली तेव्हा कुठल्याही नव्या गोष्टीला विचारायची, "लाल का पांढरा?" भाजीला, कुत्र्याला, पाहुण्याला. आणि तुम्ही म्हणायचात, "थांब, अजून पिळाचा आहे."

"ही फुलते कधी?" तुम्ही मला विचारलं.

"नाय फुलत."

"का?"

"नाय फुलत म्हणजे नाय फुलत."

पुढच्या चैत्रात तुम्ही अवेळी आलात, मधल्या वारी, आणि मला कोयता घेऊन कुंपणावर बघितलंत. मी वेल बुडाशी छाटत होतो. तुम्ही डोक्याला हात लावलात. "इवाय, फुलायच्या आधीच दरसाल मुंडी उडवता, आणि मला सांगता फुलत नाही."

"राबाला लागतं," मी बोललो.

तुम्हाला राब माहीत नव्हता. मी सांगितलं. भाताची रोपं जिथं टाकायची, त्या तुकड्यावर पावसाच्या आधी पाला, फांद्या, शेण पसरून जाळायचं. जमीन भाजून निघते, रान कमी येतं, रोप जोमदार येतं. पाडवा झाला की आमचा बाप आम्हा भावांना कोयते देऊन कुंपणावर सोडायचा. एक फांदी ठेवली तरी शिव्या.

"आता शेत कुठंय?" तुम्ही विचारलं.

मी कोयत्यानं दाखवलं. तिकडं टॉवरची पार्किंग आहे. जिथं गाड्या उभ्या राहतात तिथं आमची खाचरं होती. आई राब पेटवायची त्या कोपऱ्यात आता वॉचमनची केबिन आहे.

तुम्ही तिकडं बघितलंत. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मग छाटता कशाला? महेश, माझा मुलगा, दरसाल तेच म्हणतो. तुम्ही म्हणाला नाहीत. छाटलेल्या फांद्यांचा ढीग मी कोपऱ्यात रचत होतो, जाळायला नाही, नुसता रचायला. तर तुम्ही शर्टाच्या बाह्या दुमडल्यात आणि चार फांद्या ओढून ढिगावर टाकल्यात. त्या दिवसानंतर मी तुम्हाला पाहुणा समजलो नाही.

पुढं तो आजार आला. सगळं बंद. तुमची वर्तकनगरची सोसायटी बंद व्हायच्या आधल्या दिवशी तुम्ही, पोरं, इरा, सगळे इकडं आलात. लेकीचे सासरे माझ्या घरात मुक्कामाला. गावात लोक बोलले असते, पण तेव्हा बोलायला कोणी दाराबाहेरच पडत नव्हतं.

त्या दिवसांत जो तो गुळवेल शोधत होता. काढा प्या, काही होत नाही, असं प्रत्येकाच्या फोनमधे आलेलं. आमच्या गल्लीतली कुसुम फाटकाशी आली, तोंडाला ओढणी बांधून. नवऱ्याला ताप होता. "काका, तुमच्याकडं गुळवेल हाय ना? वीतभर द्या."

मी कोयता काढला. तुम्ही ओट्यावरून उतरून कुंपणापुढं जाऊन उभे राहिलात.

"तोडायची नाही."

"इवाय, बाजूला व्हा."

"नाव कळल्याशिवाय तोडायची नाही."

"वाडी माझी हाय."

"वाडी तुमची. पोट तिच्या नवऱ्याचं आहे."

कुसुम बिचारी एकदा माझ्याकडं, एकदा तुमच्याकडं. शेवटी म्हणाली, "असू द्या काका, भाजीवाल्याकडं मिळते," आणि गेली. माझ्या फाटकातून मागायला आलेलं माणूस रिकाम्या हातानं गेलं, असं कधी झालं नव्हतं. मी तुम्हाला नको ते बोललो. सोयऱ्यानं सोयऱ्यासारखं राहावं, असंही बोललो. तुम्ही ऐकून घेतलंत, पण जागचे हललात नाही. हट्टी म्हणून माझं नाव आहे पंचक्रोशीत, पण तुमचा हट्ट आवाज करत नव्हता एवढंच.

मग आपण बोलेनासे झालो. एका घरात, एका पंगतीत. ताटाशी बसलो की मी इराला सांगायचो, "तुझ्या आजोबांना सांग, मीठ इकडं सरकवा." तुम्ही म्हणायचात, "आबांना सांग, मीठ त्यांच्या समोरच आहे." इराला तो खेळ वाटायचा. ही आणि वैशाली तोंडाला पदर लावून आत जायच्या.

कुसुमचा नवरा बरा झाला. मी संधी सोडतोय होय? इराला म्हटलं, "आजोबांना सांग, गुळवेलीनं बरा झाला."

तुम्ही इरामार्फत सांगितलं नाहीत. सरळ माझ्याकडं बघून म्हणालात, "ती आपली गुळवेल नव्हती, इवाय. भाजीवाल्याची होती."

आपली म्हणालात. माझी वाडी, माझं कुंपण, माझी वेल, आणि तुम्ही म्हणालात आपली. मी फक्त मीठ मागितलं.

त्याच संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर बसून तुम्ही डावा हात पुढं केलात. दोन बोटांना नखं नव्हती, ते मला लग्नातच दिसलं होतं, पण विचारायचं कसं. तुम्ही सांगितलंत. रंगाच्या कारखान्यात, तुम्ही नवीन असताना, आधीच्या पाळीतल्या कोणी तरी बाटली भरून ठेवलेली आणि वर नाव लिहिलेलं नव्हतं. विचारलं तर तो म्हणाला, पाणीच आहे, नक्की. तुम्ही विश्वास ठेवलात.

"तेव्हापासून ज्या बाटलीवर नाव नाही ती विषाची धरायची," तुम्ही म्हणालात. "कळेपर्यंत."

"झाड म्हणजे बाटली नाय."

"नाही," तुम्ही म्हणालात. "म्हणून तर फेकून देत नाही. दोरा बांधतो."

मी तुमची बोटं बघत राहिलो. तुम्ही त्या दिवशी कुंपणापुढं उभं राहून माझ्याशी भांडत नव्हता, एवढं मला कळलं. तसं बोलायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "चला, डास चावतात."

नंतर दर चैत्रात तेच. तुम्ही यायचात, म्हणायचात, एक वर्ष सोडा. मी छाटायचो. तुम्ही बाह्या दुमडून फांद्या ओढायचात. दर दसऱ्याला पावसानं विरलेले दोरे काढून नवे बांधायचात, आणि वेल पुन्हा तारेवर चढलेली असायची, तिला पुन्हा पिळाचा दोरा. इरा पीळ घालायला शिकली. एक टोक ती धरायची, एक मी, आणि मधे तुम्ही उभे राहून सांगायचात, उलटा पीळ घालू नका, सुटेल.

यंदा संक्रांत झाल्यावर मी इराला तिळाचे लाडू घेऊन तुमच्याकडं आलेलो. परत जाताना तुम्ही मला सोडायला खोपटच्या डेपोपर्यंत आलात. नको म्हटलं तरी आलात. तुम्हाला दम लागत होता, रिक्षातून उतरून खांबाला धरून उभे राहिलात. मी विचारलं, "बरं नाय काय?" तुम्ही म्हणालात, "माहीत नाही. डॉक्टर बघतोय." तेच तुमचं सहज बोलणं. मी खिडकीशी बसलो. गाडी सुरू झाली तशी तुम्ही खिडकीच्या गजाला हात लावलात, बिननखाच्या बोटांचा तो हात.

"इवाय, या चैत्रात कोयता लावू नका. एकच वर्ष."

मी म्हटलं, "बघू."

गाडी सुटली. मागं वळून बघायला हवं होतं. पण मागच्या सीटवर सामान होतं, काही दिसलं नसतं.

तेराव्याला तुमच्या घरी सगळे जमलेले. तुमच्या फोटोला हार. इरा एकेकाला विचारत फिरत होती, आजोबा कुठं गेले. कोणी म्हणालं देवाघरी. कोणी म्हणालं चांदणी झाले. खालच्या मजल्यावरच्या त्या मोठ्या बाईंनी तिला बसवून गीतेतलं काहीतरी सांगितलं. ती सगळ्यांचं ऐकून घेत होती, पण चेहरा तुमच्यासारखा. मान हलवते, पटलेलं नाही. मग ती माझ्याकडं आली. तिनं मला कधी माहीत नाही म्हणताना ऐकलेलं नाही. कुठलंही झाड, कुठलाही मासा, आकाशातला कुठलाही तारा, आबा नाव सांगणार.

"आबा, आजोबा कुठं गेले?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. आमच्यात सांगतात ते, पूर्वजांत गेले, कावळ्याच्या रूपानं येतात. आणि मला समोर तुमचे डोळे दिसले, इवाय. नक्की, असं विचारणारे.

मी म्हटलं, "नाय माहीत गं."

आयुष्यात पहिल्यांदा बोललो बहुतेक. आभाळ कोसळलं नाही.

इरा म्हणाली, "मग पिळाचा दोरा."

आत गेली, तुमच्या कपाटाच्या खणातून रिळं घेऊन आली, लाल आणि पांढरं. त्या सगळ्या माणसांत, भटजी भांडी आवरत होते तिथंच, तिनं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसऱ्या टोकाला पीळ घालायला लागली. वैशाली बघत होती. मधे उभं राहून सांगणारं कोणी नव्हतं, पण पीळ सरळ पडला. पुढच्या रविवारी इरानं तो वाडीतल्या तुमच्या खुर्चीच्या हाताला बांधला. खुर्ची तिथंच आहे, विहिरीजवळ. त्यात कोणी बसत नाही. महेश बसायला गेला तर इरा म्हणाली, "मामा, दोरा बघ."

आता कुंपणाचं सांगतो. महेश म्हणतो, सगळं उपटू, फरशा टाकू, गाडी आत येईल. मी सांगितलंय, ज्या झाडाला दोरा आहे त्याला हात लावायचा नाही. वेलीला तर नाहीच. यंदा दसऱ्याला दोरे मी आणि इरा बदलू, पीळ कसा घालायचा ते आम्हाला येतं.

कोपऱ्यात मागच्या वर्षीच्या फांद्यांचा ढीग आहे, तुम्ही ओढून टाकलेल्या फांद्या त्यात असतील. तो तसाच ठेवलाय. यंदा त्यावर नवीन पडणार नाही. बापाला वर कुठं भेटलात, कुठं ते मला माहीत नाही, पण भेटलात तर सांगा, राबाला पाला कमी पडला म्हणून शिव्या देऊ नकोस, शेतच राहिलं नाही. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल. माझं ऐकणार नाही.

वेलीची पानं गळून गेलीत. सकाळी जवळ जाऊन बघितलं, गाठींवर मोहरीएवढं काही तरी फुटलंय. फूल आहे का पान, माझ्या डोळ्यांना कळत नाही. तुमचा जुना चष्मा ओट्यावरच्या कोनाड्यात आहे, तो लावून बघितला, त्यानं आणखीच धूसर झालं. रविवारी इरा येईल, ती बघेल, फोटो काढून बाईंना पाठवेल.

गुळवेल निघाली, तर मी स्वतः खोपटला उतरून वर्तकनगरात येईन, तुमच्या फोटोसमोर उभा राहीन आणि सगळ्यांदेखत सांगेन.

दुसरं काही निघालं, तर बघू.